सॉफ्टवेअर घडविण्याची रीत व तिचा आराखडा

गेल्या पालकसभेंत एका शेतकरी पालकांनीं आम्हांस एक प्रश्न विचारिला. त्यांचा थोरला मुलगा पुण्यास एका सॉफ्टवेअरच्या कचेरींत नोकरीस आहे व धाकटा आमच्याकडे नववींत शिकत आहे. ते म्हणाले, "गुरुजी, थोरला सणावाराला घरीं येतो. तुझें काम काय म्हणून विचारलें, तर म्हणतो, काल मीटिंग होती, आज रिव्ह्यू झाला, उद्यां टेस्टिंग आहे. यांत काम कोणतें? आमच्या रानांत पेरणी दिसते, खुरपणी दिसते, काढणी दिसते. ह्याचें तर कांहींच दिसत नाहीं. मग धाकट्याला त्याच वाटेनें पाठवावें कीं नाहीं, हें आम्ही कशावरून ठरवावें?"

प्रश्न अगदीं योग्य होता. परंतु त्याचें नीट उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं, हें कबूल करणें भाग आहे. तें आज ह्या लेखांत देण्याचें योजिलें आहे. वाचकांनीं थोडा धीर धरून शेवटपर्यंत यावें, इतकीच विनंती.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकानें काय करावें हें सांगणाऱ्या आज्ञांचा समुदाय होय. एका कामापुरत्या अशा आज्ञांच्या जुळणीस आपण आज्ञावली म्हणूं. एकट्यानें बसून दहा-वीस ओळींची आज्ञावली लिहिणें हें हुशार मुलास थोड्या दिवसांत साधतें. परंतु बँकेचा हिशेब, रेल्वेचें आरक्षण किंवा रुग्णालयांतील नोंदी चालविणारी आज्ञावली लाखों ओळींची असते. ती शेंकडों माणसें मिळून वर्षानुवर्षें लिहितात, तपासतात व दुरुस्त करितात. ह्या ठिकाणीं आज्ञा लिहिणें हा कामाचा एक भागच होतो. कोणीं काय करावें, कोणत्या कामानंतर कोणतें काम यावें, कोणाचें काम कोणीं तपासावें व बदल झाला तर तो कोणास कळवावा, ही रीत बांधणें हाच मोठा भाग ठरतो. त्या मुलाचें न दिसणारें काम पुष्कळ अंशीं ह्या रीतींत आहे.

रीत ही डोळ्यांस दिसत नाहीं. ती दिसावी, तिच्यांतील उणीव आधींच कळावी, म्हणून तिचा आराखडा काढावा लागतो. तो कसा काढतात, हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

रानांतील उदाहरण

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. बियाण्यांच्या धंद्यामुळें जालन्याचें नांव देशभर झालें आहे. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेली महिको, स्थापन केली. ह्या कार्याबद्दल त्यांस १९९८ सालीं जागतिक अन्न पारितोषिक मिळालें. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं बियाण्याचे प्लॉट घेतले जातात.

संकरित कपाशीचा प्लॉट ज्यानें पाहिला असेल, त्यास ठाऊक आहे कीं, दुसऱ्या दिवशीं उमलणारी कळी आदल्या दिवशीं दुपारनंतर हेरून तिच्यांतील पुंकेसर हातानें काढून टाकावे लागतात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं नर-ओळींतील फुलाचे पराग तिला लावावे लागतात. एखाद्या कळीचें हें काम राहून गेलें, तर त्या बोंडांत स्वतःच्याच परागाचें बीं धरतें. तें बीं संकरित म्हणून पिशवींत गेलें, तर पुढील हंगामांत कोठल्या तरी दूरच्या शेतकऱ्याच्या रानांत भलतींच झाडें उगवतात. चूक येथें आज होते. तिचें फळ भलत्यालाच, भलत्या ठिकाणीं व उशिरानें भोगावें लागतें.

म्हणूनच ह्या धंद्यांत नुसत्या मेहनतीवर भागत नाहीं. रीत बांधावी लागते. ती कागदावर मांडावयास बसलों, तर तीन प्रकारच्या गोष्टी आपल्यापुढें येतात. पहिली गोष्ट माणसांची. पण तीं नांवानें नव्हे, तर भूमिकेनें. प्लॉट घेणारा शेतकरी, फुलें हाताळणाऱ्या बाया, रानाची पाहणी करणारा निरीक्षक, उगवण तपासणारी प्रयोगशाळा ह्या भूमिका होत. दुसरी गोष्ट कृतींची: विलगीकरणाचें अंतर राखून पेरणी, भेसळ झाडें उपटणें, परागीकरण, वेचणी, तपासणी. तिसरी गोष्ट त्या कृतींतून निघणाऱ्या फलितांची: पाहणीचा अहवाल, वेगळी ठेवलेली सरकी, क्रमांक घातलेला बियाण्याचा लॉट.

ह्या फलितांची अवस्था पालटत असते. लॉट आज 'तपासणीस पाठविलेला' असतो, आठवड्यानें 'उत्तीर्ण' किंवा 'नाकारलेला' होतो. कोणता लॉट कोणत्या अवस्थेंत आहे हें जेथें कळत नाहीं, तेथें नाकारलेलें बियाणें उत्तीर्णाच्या ढिगांत जावयास वेळ लागत नाहीं. ह्यासाठींच आपल्या देशांत पैदासकार बियाण्यास सोनेरी पिवळा, पायाभूत बियाण्यास पांढरा व प्रमाणित बियाण्यास निळा टॅग लावण्याचा नियम आहे. निरक्षर माणसासही टॅग पाहून दर्जा कळावा, हा त्यांतील शहाणपणा.

वस्तूंची भाषा

आतां संगणकाकडे वळूं. १९६० नंतरच्या दशकांत नॉर्वे देशाच्या ऑस्लो शहरीं, तेथील नॉर्वेजियन संगणन केंद्रांत, ओले-योहान दाल व क्रिस्टेन न्यूगोर हे दोन विद्वान् काम करीत होते. जगांतील चालत्या कामांची नक्कल संगणकावर करून पाहावी, हा त्यांचा उद्देश होता. एखाद्या बंदरांत जहाजें किती वेळ अडकतात, एखाद्या खिडकीपुढील रांग कां लांबते, हें प्रत्यक्ष खर्च करण्यापूर्वीं कळावें म्हणून ही खटपट. तीतून सिम्युला नांवाची संगणकभाषा निघाली व १९६७ सालीं तिला जें रूप मिळालें, त्यांतून वस्तुप्रधान विचारपद्धतीचा उगम झाला. संगणकशास्त्रांतील सर्वांत मोठा मान समजलें जाणारें ट्यूरिंग पारितोषिक त्यांस २००१ सालचें मिळालें.

ह्या पद्धतींतील शब्द ऐकावयास अवघड वाटतात. पण बियाण्याच्या लॉटावरून ते सहज समजतात.

'बियाण्याचा लॉट' ही सामान्य कल्पना झाली. प्रत्येक लॉटास वाण, क्रमांक, वजन, उगवणशक्ति व अवस्था असते, एवढें ती सांगते. अशा सामान्य कल्पनेस 'वर्ग' म्हणावें. संगणकवाले तिला क्लास म्हणतात. गोदामांत प्रत्यक्ष पडलेला अमुक क्रमांकाचा लॉट ही त्या वर्गाची एक 'वस्तु', म्हणजेच ऑब्जेक्ट, होय. वर्ग एक, वस्तु अनेक.

प्रत्येक वस्तु आपली माहिती आपल्यापाशीं ठेविते व दुसऱ्यांशीं केवळ 'निरोपानें' व्यवहार करिते. निरीक्षक प्रयोगशाळेस विचारतो, "ह्या लॉटाची उगवण किती?" प्रयोगशाळा आंकडा कळविते. तिनें बीं ओल्या कागदांत ठेविलें कीं वाळूंत, ह्यांत निरीक्षकानें हात घालावयाचा नसतो. त्यामुळें प्रयोगशाळेनें उद्यां आपली पद्धत सुधारली, तरी निरीक्षकाच्या कामांत कांहींएक अडथळा येत नाहीं.

शेवटचा शब्द 'वारसा'. प्रमाणित बियाण्याच्या लॉटास सामान्य लॉटाचे सर्व गुण असतातच. शिवाय टॅगचा क्रमांक व पाहणीचा अहवाल ह्या दोन गोष्टी अधिक असतात. म्हणून 'प्रमाणित लॉट' हा नवा वर्ग सांगतांना सर्व पुन्हां न लिहितां, "सामान्य लॉटाचें सर्व, आणि अधिक हें" एवढें लिहिलें म्हणजे पुरतें. येथें वारसा हा शब्द झाडाच्या आनुवंशिक गुणांच्या अर्थीं घेऊं नये. तो केवळ वर्णनाचा वारसा आहे.

रीत हीही वस्तुच

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. संगणक मोठे झाले तशा आज्ञावल्याही मोठ्या झाल्या, आणि त्या ठरल्या वेळीं, ठरल्या खर्चांत व निर्दोष अशा कांहीं केल्या पुऱ्या होईनात. १९६८ सालीं जर्मनींतील गार्मिश येथें ह्याच अडचणीचा विचार करण्यासाठीं एक परिषद भरली. सॉफ्टवेअर अभियांत्रिकी हें नांव तेव्हांपासून रूढ झालें. १९७० सालीं विन्स्टन रॉइस नांवाच्या अमेरिकन अभियंत्यानें एका निबंधांत कामाच्या पायऱ्या एकीखालीं एक मांडून दाखविल्या: आधीं गरजा समजून घेणें, मग रचना, मग लेखन, मग तपासणी, मग वापर. पुढें लोकांनीं ह्या मांडणीस धबधबा असें नांव दिलें व पुष्कळांनीं ती डोळे मिटून स्वीकारली. मौज ही कीं, अशा सरळ उतरंडीनें जाण्यांत धोका आहे, मागील पायरीवर परत यावें लागतें, असें स्वतः रॉइस यांनींच त्या निबंधांत बजाविलें होतें.

पायऱ्यांच्या चित्रांत उणीव ही कीं, त्यांत क्रम दिसतो. पण माणूस दिसत नाहीं, फलित दिसत नाहीं व त्याची अवस्थाही दिसत नाहीं. १९८७ सालीं अमेरिकेंतील मॉन्टेरे येथील परिषदेंत लिऑन ऑस्टरवाइल ह्या प्राध्यापकांनीं एक नवा विचार मांडला. सॉफ्टवेअर घडविण्याची रीत हीसुद्धां एक प्रकारची आज्ञावलीच आहे, असें त्यांचें म्हणणें. आज्ञावली जशी आपण नीट लिहितों, तपासतों व सुधारतों, तशीच रीतही लिहावी, तपासावी व सुधारावी. हा विचार पुष्कळांस पटला, आणि रीत लिहावयाची तर कोणत्या भाषेंत, असा प्रश्न पुढें आला. तेव्हां कित्येकांचें लक्ष वस्तूंच्या भाषेकडे गेलें. ती मुळांत चालत्या कामांची नक्कल करण्यासाठींच जन्मली असल्यामुळें, हें तिचें एका अर्थीं माहेरीं परतणेंच होतें.

ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप ह्या संस्थेनें १९९७ सालीं यूएमएल ही आराखडे काढण्याची चित्रभाषा मान्य केली, आणि २००२ सालीं तिच्याच पायावर सॉफ्टवेअर घडविण्याच्या रीतींचे आराखडे काढण्यासाठीं एक स्वतंत्र नियमसंग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या मुळाशीं तीनच गोष्टी आहेत: भूमिका, कृति व फलित. वाचकांस आठवत असेल कीं, कपाशीच्या रानांत आपल्यापुढें ह्याच तीन गोष्टी आल्या होत्या.

आतां ह्या भाषेचा खरा उपयोग पाहा. 'बीजोत्पादन' ही एक सामान्य रीत, म्हणजे एक वर्ग. अमुक शेतकऱ्याचा अमुक हंगामांतील प्लॉट ही त्या वर्गाची एक वस्तु. कपाशीच्या बीजोत्पादनाची रीत सामान्य रीतीपासून वारसा घेते व परागीकरणाची कृति अधिक जोडते. सोयाबीनच्या रीतींत ती कृति लागत नाहीं. त्याचप्रमाणें 'तपासणी' हा एक वर्ग. 'वाचून तपासणी' व 'चालवून तपासणी' हे त्याचे दोन वारस. दोहोंसही तपासणारा, तपासावयाचें फलित व निकाल ह्या तीन गोष्टी लागतातच. एका कामांत आलेला अनुभव सामान्य रीतींत एकदां लिहून ठेविला, म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक कामास तो आयता मिळतो. जुनी चूक नव्या माणसानें नव्यानें करण्याचें कारण उरत नाहीं.

आमच्या ग्रंथालयाची गोष्ट

हें सर्व पुस्तकी वाटूं नये म्हणून आमच्याच घरची एक फजिती सांगतों. आमच्या आठ विद्यार्थ्यांनीं शाळेच्या ग्रंथालयासाठीं एक लहानशी आज्ञावली करण्याचें मनावर घेतलें. एका मुलानें पुस्तकांच्या देवघेवीचा भाग लिहिला, एका मुलीनें उशिराच्या दंडाचा भाग लिहिला. बाकीच्यांनीं इतर भाग वांटून घेतले. काम अर्ध्यावर आलें असतां ग्रंथपालांनीं सांगितलें कीं, पांचवी ते सातवीच्या मुलांस पुस्तक आठ दिवसांऐवजीं पंधरा दिवस ठेवूं द्यावें. देवघेवीचा भाग लिहिणारा मुलगा तेथें उभा होता. त्यानें आपल्या भागांत बदल केला. दंडाचा भाग लिहिणारी मुलगी त्या दिवशीं गैरहजर होती. तिला कोणीं सांगितलेंच नाहीं.

आज्ञावली सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यांत लहान मुलांच्या नांवावर दंड चढूं लागला. जवळच्या खेड्यांतून येणारा पांचवींतील एक मुलगा, दहाव्या दिवशीं पुस्तक परत करीत असतां आपल्यावर दंड झाला हें ऐकून, कांहीं न बोलतां निघून गेला व पुढें तीन आठवडे ग्रंथालयाकडे फिरकला नाहीं. वस्तुतः त्याची मुदत अद्याप पांच दिवस बाकी होती. शेवटीं त्याच्या वर्गशिक्षकांनीं चौकशी केल्यावर सारा प्रकार उघडकीस आला. रक्कम क्षुल्लक होती; पण एका मुलाचें वाचन थांबलें, हें क्षुल्लक नव्हतें.

आठही जणांची सभा बसली. कोणी मुलीस दोष दिला, कोणी मुलास. आम्हीं त्यांस थांबवून विचारलें, "नियम बदलला तर तो कोणीं कोणास सांगावा, हें तुम्हीं कोठें ठरविलें होतें?" कोणींच उत्तर दिलें नाहीं. मुलीनें जें तिला ठाऊक होतें तें बरोबर लिहिलें होतें. मुलानेंही बरोबर लिहिलें होतें. चूक त्या दोघांच्या मधल्या जागेंत होती.

मग आम्हीं एक युक्ति केली. केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम ह्या दोन अमेरिकन गृहस्थांनीं १९८९ सालीं वस्तुप्रधान विचार शिकविण्याची एक सोपी तऱ्हा प्रसिद्ध केली आहे. साधीं कोरीं कार्डें घ्यावयाचीं. प्रत्येकावर वर एका वर्गाचें नांव, डावीकडे त्याची जबाबदारी व उजवीकडे ज्यांच्याशीं त्यास निरोपाचा व्यवहार करावा लागतो त्यांचीं नांवें लिहावयाचीं. आम्हीं त्यांत एवढाच फरक केला कीं, आज्ञावलीऐवजीं ती घडविण्याच्या रीतीचींच कार्डें केलीं: 'ग्रंथपाल', 'नियमांची यादी', 'देवघेवीचा भाग', 'दंडाचा भाग', 'तपासणारा', अशीं.

एकेक विद्यार्थी एकेक कार्ड हातीं घेऊन उभा राहिला व घडलेला प्रसंग पुन्हां करून पाहिला. ग्रंथपाल झालेली मुलगी म्हणाली, "मी नियम बदलला." 'नियमांची यादी' झालेला मुलगा गोंधळला. त्याच्या कार्डाची उजवी बाजू कोरी होती. हा निरोप कोणाकडे द्यावयाचा हें त्यास ठाऊकच नव्हतें. सर्वांस हसूं आलें, आणि लगेच सर्व गप्प झाले. कारण जें भोंक तीन आठवडे कोणासही दिसलें नव्हतें, तें त्या कोऱ्या जागेंत स्पष्ट दिसत होतें.

विद्यार्थ्यांनीं तेथल्या तेथें आराखडा सुधारला. नियमांच्या यादीस तीन अवस्था दिल्या: 'कच्ची', 'मान्य' व 'बदललेली'. यादी 'बदललेली' होतांच तिच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक भागाची अवस्था 'पुन्हां तपासावयाचा' अशी व्हावी, आणि तपासणाऱ्यानें होकार दिल्यावांचून ती पालटूं नये, असा नियम केला. त्यानंतर दोन वेळां नियम बदलले. चूक झाली नाहीं. तो लहान मुलगाही परत ग्रंथालयांत येऊं लागला आहे.

येथें कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? प्रत्येकानें प्रत्येकास सांगितलें म्हणजे झालें. पण हिशेब करून पाहावा. आठ जणांत प्रत्येकाची प्रत्येकाशीं गांठ घालावयाची, तर आठांस सातांनीं गुणून निम्मे करावें. जोड्या २८ होतात. वीस जण असतील तर १९०, आणि शंभर असतील तर ४,९५०. फ्रेडरिक ब्रुक्स यांनीं १९७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हेंच दाखविलें आहे, व मागें पडलेल्या कामावर आणखी माणसें घातलीं तर तें अधिकच मागें पडतें, असा आपला अनुभव सांगितला आहे. निरोप कोणीं कोणास द्यावयाचा हें ठरलेलें असेल, तरच मोठी मंडळी एकत्र काम करूं शकते.

आमच्या ग्रंथालयांत जें झालें, तेंच मोठ्यांच्या हातूनही होतें. अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेनें १९९८ सालच्या डिसेंबरांत मंगळाकडे एक यान पाठविलें. २३ सप्टेंबर १९९९ रोजीं तें मंगळापाशीं पोहोंचलें आणि नाहींसें झालें. चौकशींत असें आढळलें कीं, जमिनीवरील एक आज्ञावली यानाच्या धक्क्याचे आंकडे पौंडांच्या मापांत देत होती, आणि तेच आंकडे घेणारी दुसरी मंडळी ते न्यूटनच्या मापांतले आहेत असें समजत होती. एक पौंड जोर म्हणजे सुमारें ४·४५ न्यूटन. तितक्या पटीनें हिशेब चुकत गेला. दोहीं बाजूंचे लोक विद्वान् होते. परंतु 'ह्या फलिताचें माप कोणतें' ही गोष्ट हातीं देतांना व घेतांना कोणींच पडताळून पाहिली नाहीं. येथेंही चूक मधल्या जागेंतच होती.

आराखड्याची मर्यादा

आराखड्याची थोरवी सांगितली. आतां मर्यादाही सांगितली पाहिजे. ऑस्टरवाइल यांनीं आपला विचार मांडला, त्याच परिषदेंत मेअर लेहमन ह्या दुसऱ्या विद्वानांनीं त्यावर आक्षेप घेतला. त्याचा रोख असा होता कीं, जें काम पूर्णपणें समजलेलें आहे तेंच पायरीपायरीनें लिहितां येतें. सॉफ्टवेअर घडवितांना पुढें काय करावें लागेल हें पुष्कळदां काम करूं लागल्यावरच कळतें. हा आक्षेप आम्हांस वजनदार वाटतो. शेतकऱ्याजवळही पेरणीचें वेळापत्रक असतें. पण पाऊस पाहून तो तें बदलतो.

दुसरी अडचण अशी कीं, काम चालू असतांना रीत बदलली, तर अर्ध्यावर आलेल्या कामांनीं जुनी रीत पाळावी कीं नवी? ह्यास सर्वत्र लागू पडेल असें एकच उत्तर नाहीं. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, माणूस ही वस्तु नव्हे. कार्डावर 'तपासणारा' असें लिहिलें, तरी तो कधीं थकतो, कधीं भितो, कधीं मित्राची चूक दाखविण्यास संकोचतो. २००१ सालीं अमेरिकेंतील यूटा संस्थानांत सतरा जाणत्यांनीं एकत्र येऊन जो जाहीरनामा काढला, त्यांत माणसें व त्यांचा परस्पर संवाद ह्यांस रीती व साधनें ह्यांहून अधिक मान दिला आहे. लक्षांत घेण्यासारखें म्हणजे, कार्डांची युक्ति काढणारे बेक व कनिंगहॅम हे दोघेही त्या सतरांत होते. रीत टाकून द्यावी असें त्यांचें म्हणणें नव्हतें. रीत माणसासाठीं आहे, हें विसरूं नये एवढेंच होतें.

ह्या विषयांत महाराष्ट्रही मागें राहिलेला नाहीं. १९८१ सालीं, म्हणजे आपला जालना जिल्हा ज्या वर्षीं अस्तित्वांत आला त्याच वर्षीं, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ह्या कंपनीनें पुण्यास एक संशोधन केंद्र स्थापिलें. आराखड्यावरून आज्ञावलीचा पुष्कळसा भाग यंत्रानेंच तयार व्हावा, अशीं साधनें तेथील संशोधकांनीं घडविलीं. त्यांतील मास्टरक्राफ्ट हें नांव त्या धंद्यांतील लोकांस परिचयाचें आहे. तेव्हां हें ज्ञान सातासमुद्रांपलीकडचेंच आहे, असें कोणीं समजूं नये.

आतां त्या पालकांच्या प्रश्नाकडे परत येऊं. आपला थोरला मुलगा मीटिंगमध्यें असतो तेव्हां बहुधा कोणाचा निरोप कोणाकडे जावयाचा हें ठरवीत असतो. रिव्ह्यू करितो तेव्हां दुसऱ्याचें फलित 'कच्चें' कीं 'मान्य' हें पाहत असतो. टेस्टिंग करितो तेव्हां आपल्याकडील प्रयोगशाळा जें लॉटाचें करिते, तेंच तो आज्ञावलीचें करीत असतो. हें काम दिसत नाहीं खरें. पण तें नीट झालें नाहीं, तर कोठल्या तरी खेड्यांतील मुलास नसलेला दंड भरावा लागतो. धाकट्यास त्या वाटेनें पाठवावें कीं नाहीं, हें त्याची आवड पाहून ठरवावें. मात्र त्यास केवळ गणित येतें कीं नाहीं एवढेंच पाहूं नये. आपल्या कामांत बदल झाला तर तो शेजाऱ्यास सांगण्याची त्यास संवय आहे कीं नाहीं, आणि आपली चूक कोणीं दाखविली तर तो ऐकून घेतो कीं नाहीं, हेंही पाहावें.

विद्यार्थ्यांस आमची एवढीच सूचना कीं, येत्या सुटींत त्यांनीं घरचें एखादें काम निवडावें. मोसंबीच्या बागेंतून बाजारापर्यंतचा माल घ्या, दुधाचा रतीब घ्या किंवा घरांतील लग्न घ्या. त्यांतील भूमिका, कृति व फलितें वेगवेगळ्या कार्डांवर लिहावीं, आणि घरच्या मंडळींच्या हातीं एकेक कार्ड देऊन तें काम एकदां बोलून पाहावें. कोठें तरी कार्डाची उजवी बाजू कोरी सांपडेल. ती सांपडली म्हणजे ह्या लेखाचा विषय समजला, असें खुशाल समजावें. आणि तीं कार्डें शाळेंत घेऊन यावीं. तीं पाहावयास आम्ही उत्सुक आहों.